घटस्फोटात फ्लॅट: विकायचा की एकाने ठेवायचा?

मनीषनगरातला दोघांच्या नावावरचा फ्लॅट विकला, की कर्ज फिटतं, उरलेले पैसे वाटून घेता येतात. फक्त गिऱ्हाईक मिळेपर्यंत हप्ता कोण भरणार, ते लेखी ठरवा.

एकाने ठेवला तर मुलांची शाळा, शेजार सुटत नाही. मला याचं मोल फार वाटतं. पण तुमच्या आपसातल्या समझोत्याने बँक बांधली जात नाही. कर्जातून नाव निघालं नसेल, तर घर सोडून गेलेल्याकडूनही वसुली होऊ शकते. म्हणून एकट्याच्या पगारावर कर्ज बसतं का, ते आधी बँकेकडून लेखी घ्या, मगच हक्कसोडपत्र (आपला हिस्सा दुसऱ्याच्या नावे सोडल्याचा दस्त) नोंदवा. मोबदला न घेता हिस्सा द्यायचा असेल, तर निकालाआधी बक्षीसपत्राचा विचार करा: महाराष्ट्रात राहत्या घरासाठी पती-पत्नीत मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. हप्त्यापायी घरखर्चाची ओढाताण होणार असेल, तर मात्र विकाच.