शिवडी की भांडुप? कार्तिकातली एक सकाळ हाताशी असेल तर

दिवाळी उरकली, पहाटे जरा गारवा जाणवू लागला की कुणी ना कुणी विचारतंच: मुंबईत एकच सकाळ मोकळी आहे, पक्षी बघायला शिवडीच्या जेट्टीवर जाऊ की भांडुप पंपिंग स्टेशनला? दोन्हीकडे मी बरीच वर्षं जातोय, तर माझा अनुभव सांगतो.

शिवडीला भरती चढू लागली की पाणी पक्ष्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणतं. मालगुजे, तुतवार, शेकाटे चिखलात चोची खुपसत इतके जवळ येतात, की दुर्बीण खाली ठेवून नुसतं बघत बसावंसं वाटतं. भांडुपला हे नाही, हे मान्य. पण त्यासाठी भरती जुळायला हवी. कोळ्यांचा जुना हिशोब, तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, इथे चांगला लागू पडतो. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सकाळी पक्षी पार दूर चिखलात. दशमी-एकादशीला साडेसात-सव्वाआठ. अशी तिथी रविवारी यावी लागते. शिवाय नोव्हेंबरात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तुरळकच असतात, त्यांची खरी गर्दी जानेवारीनंतर.

एवढं मी चालवून घेतलं असतं. माझं अडलं ते उन्हापाशी. शिवडीची जेट्टी पूर्वेला तोंड करून आहे. या दिवसांत सात वाजायच्या सुमारास सूर्य वर येतो आणि थेट डोळ्यांत शिरतो. ओला चिखल आरशासारखा चमकतो आणि पुढ्यातला प्रत्येक पक्षी काळा दिसतो. एका रविवारी एकादशी होती, भरती अगदी हवी तशी, समोर तीसेक रोहित. सोबतच्या भाचीने विचारलं, "मामा, यातला छोटा रोहित कुठला?" छोट्याची चोच गडद लाल, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. त्या उन्हात मला एकाचीही चोच दिसेना. तुतवारांच्या पायांचा रंग तर विचारूच नका. दोन तास डोळे बारीक करून घरी आलो आणि वहीत निम्म्या नावांपुढे प्रश्नचिन्हं होती.

भांडुपला रस्ता हमरस्त्यापासून खाडीकडे जातो. जाताना ऊन समोरून येतं खरं, पण पक्षी दोन्ही बाजूंना, खारफुटीत आणि पाणथळीत असतात. परतताना ऊन पाठीवर. गप्पीदास झुडपाच्या शेंड्यावर बसलेला, दलदल हारिण हा शिकारी पक्षी गवतावरून संथ घिरट्या घालणारा, आणि नशीब असेल तर बोरूच्या बुंध्याशी शंकर पक्षी. त्याच्या गळ्याची निळाई ऊन बरोबर पडलं तरच कळते. इथे भरतीचं गणित फारसं आड येत नाही. डास मात्र भयंकर आहेत, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. चहा हमरस्त्यालाच उरकून घ्या, आणि फाटकापाशी रखवालदाराला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुमचा जीव चिखलातल्या पक्ष्यांवरच असेल तर माझं मत वेगळं पडेलही. पण सकाळच असेल तर मी भांडुप म्हणेन. शिवडी संध्याकाळसाठी ठेवा, पंचमी-षष्ठीच्या आसपास. चार-साडेचारला भरती, आणि ऊन शहराकडून, आपल्या पाठीमागून. भाचीला छोटा रोहित मी दाखवला तो तसाच, पुढच्या फेब्रुवारीत. चोच अगदी लालगडद दिसत होती.