ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचा टपाल अभ्यासक्रम: आठ महिन्यांनंतर

मी आमच्या चर्चमध्ये संडे स्कूल घेते. गेल्या वर्षी चौथीतल्या एका पोराने विचारलं, "टीचर, येशू देव आहे ना? मग गेथशेमाने बागेत तो प्रार्थना कोणाला करत होता?" येशूला पकडलं त्या रात्रीची ती प्रार्थना. "पित्याला" म्हणून मी वेळ मारून नेली. पोराला ते काही पटलं नाही, खरं तर मलाही नाही. त्याच आठवड्यात ईश्वरविज्ञानाच्या, म्हणजे थिऑलॉजीच्या, या मराठी टपाल अभ्यासक्रमाचे पैसे भरले. चार पुस्तिका, प्रत्येकीच्या शेवटी प्रश्नपत्रिका. संस्थेचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

'थिऑलॉजी' शब्दाची फोड, थिऑस म्हणजे देव वगैरे, पहिल्याच पानावर उरकली आहे ते बरं. मला उपयोगी पडली ती अकराव्या शतकातल्या अन्सेल्म या धर्मगुरूची व्याख्या: समजून घेऊ पाहणारा विश्वास. म्हणजे विश्वास आधीच बसलेला, डोकं मागून धापा टाकत येतंय. माझं अगदी तेच चाललं होतं.

शाखा चार: शास्त्राधारित, ऐतिहासिक, पद्धतशीर, व्यावहारिक. मला वाटलं, शाळेतल्या इतिहास-भूगोलासारखे वेगवेगळे विषय असतील. मग त्या पोराचा प्रश्न चारही पुस्तिकांतून फिरवला आणि उलगडा झाला.

शास्त्राधारित शाखा एवढंच बघते की बायबलातल्या आपल्या शुभवर्तमानात मार्कने काय लिहिलंय. १४ व्या अध्यायात येशू 'अब्बा', म्हणजे बापा, म्हणतो, दुःखाचा प्याला दूर कर म्हणतो आणि लगेच, पण माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा शब्द तिथे नाही. बायबलात तो कुठेच नाही, हे मला चाळिशीत कळलं!

ऐतिहासिक पुस्तिका सगळ्यांत सरस. ३२५ साली नायसीयाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने अरियस नावाच्या धर्मगुरूचं 'पुत्र (म्हणजे येशू) हा निर्माण केलेला' हे म्हणणं फेटाळलं. पुढे कित्येक वर्षं एका ग्रीक अक्षरावरून भांडण: होमोऊसिओस, म्हणजे एकाच तत्त्वाचा, की होमोइऊसिओस, सारख्या तत्त्वाचा? ४५१ मध्ये खाल्किदोनच्या परिषदेत ठरलं, ख्रिस्त एक व्यक्ती, स्वभाव दोन, दैवी आणि मानवी. वाटलं, मिटलं. पण आमच्या पोराचा प्रश्न निघाला सातव्या शतकातला. स्वभाव दोन, तर इच्छा किती? मॅक्सिमस नावाच्या संन्याशाने गेथशेमानेचाच उतारा धरून सांगितलं, दोन. येशूची मानवी इच्छा खरी आहे, तीच पित्याला होकार देते. कॉन्स्टँटिनोपलच्या राजदरबाराला हे नको होतं. ६६२ मध्ये ऐंशीच्या घरातल्या त्या म्हाताऱ्याची जीभ छाटली, उजवा हात तोडला; त्याच वर्षी तो हद्दपारीत वारला. ६८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने दोन इच्छा मान्य केल्या. रात्री अकराला ओट्यावर खरकटा कुकर तसाच, आणि मी हे वाचत बसलेली.

पद्धतशीर पुस्तिका जड आहे. देव, ख्रिस्त, पवित्र आत्मा, पाप, तारण, मंडळी (म्हणजे चर्च), शेवटचा काळ असे खण पाडलेत. त्यात परिभाषेचा घोळ: पहिल्या पुस्तिकेत 'त्रैक्य', इथे 'त्र्यैक्य', प्रश्नपत्रिकेत 'त्रिएकत्व'. फोन केला तर म्हणाले, तिन्ही चालतात. माझा मार्क मात्र कापला. मराठीत शब्द शोधायची खटपट जुनी आहे, कबूल. थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने १६१६ च्या आपल्या मराठी काव्यात, ख्रिस्तपुराणात, स्वर्गाला वैकुंठ म्हटलं होतं. पण निदान एका संचात तरी एकच शब्द ठेवा की!

दुसरी तक्रार मोठी. १९८१ मध्ये बंगळुरूला ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक अरविंद निर्मळ यांनी केलेल्या भाषणापासून दलित ईश्वरविज्ञानाची चर्चा सुरू झाली, असं मानतात. नगर-जालन्याकडच्या मंडळ्या कोणत्या वस्त्यांमधून उभ्या राहिल्या हे आम्हाला घरातूनच माहीत असतं. मराठी अभ्यासक्रमात त्याला एक चौकट, तीही अर्ध्या पानाची?

व्यावहारिक पुस्तिका सगळ्यांत बारीक, आणि दोन महिने उशिरा आली. उपदेश, उपासना, आजाऱ्यांच्या भेटी ठीक आहेत. मुलांना शिकवण्यावर दीड पान. पाळकांना चालेल, संडे स्कूलवाल्यांनी फार आशा ठेवू नये. तरी दुसऱ्या वर्षाचा फॉर्म मी भरलाय.

ते पोरगं आता पाचवीत आहे. परवा त्याला बसवून सांगितलं, येशूला माणसासारखीच भीती वाटली, नको वाटलं, तरी तो पित्याला हो म्हणाला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पिता काय म्हणाला?" मार्क उघडून दोघांनी शोधलं. तिथे काहीच लिहिलेलं नाही.