कोथरूडचा जुना वन बीएचके की सूस-म्हाळुंगेचा नवा टू बीएचके?

भाच्याचं लग्न ठरलंय, त्यामुळे दोन महिने घरात दुसरा विषयच नाही. बजेट एकच, त्यात पुण्यात कोथरूडला तीन मजली, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमधला वन बीएचके बसतो, नाहीतर सूस-म्हाळुंगेकडे टॉवरमधला ऐसपैस टू बीएचके. दोन्हीकडे भरपूर फिरलो आणि मला वाटतं फ्लॅटच्या आधी खालच्या जमिनीचं काय चाललंय ते बघावं.

कोथरूडला एकेकाळी शेतं होती. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठची माणसं हलली, शहर बाहेरच्या बाजूला सरकत गेलं, मग शेतांचे बंगले झाले, बंगल्यांच्या सोसायट्या झाल्या आणि आता त्या सोसायट्या पाडून टॉवर उठतायत. आमच्या गल्लीत एका बंगल्यात पाच माणसं राहायची, दारात आंबा होता, तिथे आता चोवीस फ्लॅट आहेत आणि गल्ली मात्र तेवढीच, संध्याकाळी दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाला रिव्हर्स घ्यावीच लागते. तरी पाणी, ड्रेनेज, शाळा, दवाखाना सगळं आधीपासून आहे, आणि वनाजची मेट्रो मार्च 2022 पासून चालू आहे. जुना फ्लॅट घेताय म्हणजे रिडेव्हलपमेंटही घेताय हे धरूनच चला. जमीन सोसायटीच्या नावावर झालीये का, निदान डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही तर सरकारकडून करून घेतात ते) तरी आहे का, हे पहिलं विचारा, आणि समोरचा रस्ता किती रुंद आहे तेही बघा कारण किती बांधायला मिळणार ते बऱ्यापैकी त्यावर ठरतं. रिडेव्हलपमेंटला 2019 पासून 51 टक्के सभासदांची संमती पुरते, पण मीटिंगमध्ये पार्किंगवरून वर्षं जातात हो.

सूस, म्हाळुंगे, बावधन, वाघोली ही गावं 30 जून 2021 ला महापालिकेत आली, एका दमात 23 गावं. त्याआधी ग्रामपंचायत, आणि 2015 पासून पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. म्हणजे टॉवर आधी झाले, पाइपलाइन मागून येतीये. सॅम्पल फ्लॅट सुंदर होता, बाल्कनीतून टेकडी दिसते, हिंजवडी जवळ, भाचा खूश. पण मी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला शेजारच्या राहत्या सोसायटीच्या गेटवर घेऊन गेलो, तिथे टँकरचा जाड पाइप टाकीत सोडलेला, वॉचमन वहीत गाडीचा नंबर लिहीत होता, आणि पाऊण तासात असे तीन टँकर आले. हा खर्च शेवटी मेंटेनन्समध्येच येतो आणि ब्रोकर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. तिकडे घेणार असाल तर महारेरावर (बिल्डरांचे प्रोजेक्ट नोंदवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर) प्रोजेक्ट बघा, ओसी, म्हणजे राहायला जायचा पालिकेचा दाखला, मिळालीये का विचारा, आणि ब्रोशरमधला 24 मीटरचा रस्ता जागेवर चालून बघा, आम्ही चाललो तो मध्येच एका शेताच्या बांधाशी संपला.

घरात म्हातारी माणसं असतील, लेकरू शाळेत जायचं असेल तर मी जागा कमी पडली तरी कोथरूड म्हणेन, मात्र तळमजला किंवा पहिला मजलाच. दोघंही हिंजवडीला नोकरीला, आठ-दहा वर्षं दम धरायची तयारी, तर सूस वाईट नाही, पाणी-रस्ता आला की तिथेही हेच होणार जे कोथरूडला झालं.

भाच्याने अजून टोकन दिलेलं नाही. येत्या रविवारी पुन्हा साडेसहाला जाऊन टँकर मोजायचे ठरलेत, या वेळी होणारी सूनबाईपण येतीये.