बहादूरशेख नाक्याजवळचे इलेक्ट्रिशियन मामा : बॅटरीत दोष नव्हताच

माझी मारुती ८००, १९९९ ची, कार्बोरेटरवाली. हे गेल्यापासून मीच चालवते. यंदा पावसाळा सरता सरता ती सेल्फ मारला की नुसती 'टक्' करून गप्प बसायला लागली. एका गॅरेजने बॅटरी गेली म्हणून सांगितलं. जुनी देऊन नवी घेतली. पंधरा दिवसांत परत तेच. मग म्हणे सेल्फ मोटरच बदला! शेजारच्या रिक्षावाल्या भाऊंनी अडवलं आणि चिपळुणातल्या या पत्र्याच्या दुकानात पाठवलं.

मामांनी आधी काहीच खोललं नाही. बॅटरीवर मीटर धरला, साडेबारा व्होल्ट. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून म्हणाले, "ताई, मारा सेल्फ." आकडा २ च्या वर गेला. "हा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. आता क्लचच्या केबलला हात लावून बघा." केबल चक्क गरम!

मायनसची जाड वायर गिअरबॉक्सला बोल्टने आवळलेली असते, तिथे गंज चढला होता. सेल्फचा एवढा करंट परत यायला धड वाट नाही, म्हणून तो बॉडीतून आणि केबलमधून फिरत होता. डायनॅमोचं चार्जिंगही त्याच वाटेवर अडायचं, त्यामुळे नवी बॅटरीसुद्धा उपाशी राहायची.

बोल्ट काढला, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत घासल्या, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) नवं टाकलं, आवळून वर ग्रीस लावलं. परत मोजलं तर ०.२. गाडी चालू असताना बॅटरीवर १४.१. बिल २०० रुपये. माझी जुनी बॅटरी चांगली असणार, ती हातची गेली याचं मात्र फार वाईट वाटतं.

बोलता बोलता बंद पडलेल्या मिक्सरचा विषय काढला. "खालचं लाल बटण दाबलंत का?" जास्त लोड आला की ते आपोआप बाहेर येतं. घरी येऊन दाबलं, मिक्सर सुरू.

मामा एकटेच आहेत, त्यामुळे थांबावं लागतं, मी दीड तास थांबले. बसायला एकच स्टूल. पण प्रत्येक आकडा ते गिऱ्हाइकाला दाखवतात, आणि काढलेलं थिंबलही हातात देतात. माझं अजून डिकीत आहे, हिरवं पडलेलं.