सकाळी जीप चालू होत नाही म्हणून लगेच पंप उतरवू देऊ नका

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडून बत्तीस हजार दोनशे रुपये घेतले गेले, आणि वडिलांनी जपलेला, इंजिनाला दाबानं डिझेल पुरवणारा जीपचा मूळ पंपही गेला. पैशापेक्षा पंपाचं दुःख जास्त आहे. ज्यांच्याकडे जुनी डिझेल जीप आहे त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं, कारण मला जे दाखवून फसवलं ते कुणालाही खरं वाटेल असंच होतं.

जीप महिंद्राची एमएम ५४०, १९९४ची, फोर बाय फोर. आत प्यूजोचं २,११२ सीसीचं इंजिन, हीटर प्लगवालं (थंड इंजिन उठवायला आतली हवा तापवणारे प्लग), आणि डिझेलचा रोटरी पंप. वडिलांनी २००३ साली ती सेकंडहँड घेतली. पाचगणीच्या पुढे आमचं स्ट्रॉबेरीचं रान आहे. तिथला रस्ता असा की फोर बाय फोर टाकल्याशिवाय भरलेले क्रेट वर येत नाहीत. डिसेंबरपासून तोडणी जोरात असते, बायका उजाडताच रानात असतात, आणि माल ऊन चढायच्या आत सावलीत आणावा लागतो. सकाळी सहाला जीप उठली नाही तर त्या दिवसाचा भाव गेला म्हणून समजा.

नोव्हेंबरच्या मध्यापासून सकाळचा पहिला स्टार्ट त्रास देऊ लागला. चार-पाच सेल्फ मारावे लागत. मग एका-दोन सिलिंडरवर अडखळत उठायची, पांढरा धूर सोडायची आणि मिनिटभरात एकदम सुरळीत. दिवसभर मग चावीला हात लावला की चालू. अगदी पसरणी घाट चढून तापलेली असली तरी.

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती, पण तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. आमच्या अंगणाला उतार आहे. तोंड चढाकडे करून लावली की सकाळी हमखास त्रास. एकदा पाहुण्यांची गाडी आडवी होती म्हणून उलटी, तोंड उताराकडे करून लावली, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या सेल्फला उठली. मी म्हटलं, रात्री थंडी कमी असेल.

साताऱ्याकडच्या एका गॅरेजात जीप दिली. गॅरेजवाला गोड बोलणारा. "दादा, दोन दिवस ठेवा, सकाळचा स्टार्ट मला स्वतःला बघू द्या," म्हणाला. मला ते पटलं. जो माणूस सकाळचा स्टार्ट बघायचं म्हणतो तो जाणकारच असणार.

तिसऱ्या दिवशी फोन आला, "या आणि डोळ्यांनी बघा." मी गेलो. त्यानं माझ्यासमोर एका नोझलच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, पाइपचा नट ढिला केला आणि पोराला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन फिरतंय, पण नटापाशी डिझेलचा थेंब नाही. दुसरा नट ढिला केला, तिथंही कोरडं. मग हवेच्या पाइपात इंजिन उठवायचा, पटकन पेटणारा स्प्रे मारला, तर इंजिन दोन सेकंद धडधडलं आणि बंद. "बघितलंत? इंजिन चांगलं आहे, पंप बसला. नोझलही गेलेत. हीटर तर आहेतच."

डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं म्हणणार? मी हो म्हटलं.

आता जे मला नंतर समजलं ते इथेच सांगतो. पंपाकडे येणाऱ्या लाइनीत हवा असेल तर पंप कितीही चांगला असला तरी नोझलच्या पाइपाला काहीच पोचत नाही. त्या चाचणीला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा आधी फिल्टरवरचा हँडपंप दाबून लाइनीतली हवा पूर्ण काढलेली असते. त्यानं हवा काढली नव्हती. मी यायच्या आधी लाइन मुद्दाम कोरडी केली होती का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण हँडपंपाला त्यानं माझ्यासमोर हात लावला नाही एवढं नक्की. स्प्रेवर इंजिन उठतं याचा अर्थ डिझेल पोचत नाही एवढाच. ते टाकीपासून पंपापर्यंत कुठे अडलं हे स्प्रे सांगत नाही. शिवाय हीटर प्लग तापलेले असताना असा स्प्रे मारणं इंजिनाला घातक आहे, तो अवेळी पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो. कुणी तुमच्या जीपवर मारायला लागला तर थांबवा.

पाच दिवसांनी जीप मिळाली. पंपाचं काम १८,५००, चार नोझल ६,०००, चार हीटर प्लग ३,२००, मजुरी आणि टायमिंग ४,५००. बिल मागितलं तर वहीच्या कागदावर चार आकडे लिहून दिले, ना गॅरेजचं नाव, ना सही. जुने पार्ट मागितले तर "स्क्रॅपवाला कालच घेऊन गेला." पैसे मोबाइलवरून दिले, ही एकच गोष्ट माझ्या हातून बरी झाली. मी गेलो तेव्हा जीप चालूच करून ठेवली होती, गरम. थंड इंजिनाचा स्टार्ट मला पाहायलाच मिळाला नाही.

घरी आणून नेहमीसारखी तोंड चढाकडे करून लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच प्रकार. सहा सेल्फ, पांढरा धूर.

फोन केला तर म्हणाला, पंपात आधी फक्त सील किट टाकलंय, आता हेड-रोटर, म्हणजे पंपातला दाब तयार करणारा भाग, बदलावा लागेल, अजून २२,०००. त्या रात्री मला झोप लागली नाही. तोडणी तोंडावर, औषधांची उधारी बाकी, आणि घरात कुणाला सांगायची हिंमत होईना.

बायकोनंच शेवटी सांगितलं, नानांना बोलवा. नाना आमच्याच गावचे, एसटीच्या डेपोत तीस वर्षं डिझेल इंजिनांवर काम करून निवृत्त झालेले. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, म्हणून मी त्यांना त्रास दिला नव्हता. ते सकाळी साडेपाचला काठी टेकत आले आणि पहिलं वाक्य बोलले, "चावीला हात लावू नको."

त्यांनी बॉनेट उघडून फक्त हँडपंप दाबला. तो मऊ लागत होता. पंचवीस-तीस वेळा दाबल्यावर कुठे कडक झाला. मग म्हणाले, "आता मार." हीटरचा दिवा विझल्यावर सेल्फ मारला आणि जीप लगेच उठली. बत्तीस हजार घालून जे झालं नव्हतं ते तीस वेळा अंगठा दाबून झालं. मला रडू आवरेना.

"रात्रीत डिझेल टाकीकडे परत जातंय," नाना म्हणाले. "कुठंतरी हवा घेतीय. पंपाचा यात काय संबंध?"

उताराचं कोडं तेव्हा सुटलं. तोंड वर असलं की इंजिन टाकीपेक्षा उंच होतं. लाइनीला बारीकशी भेग असली तरी तिथून हवा शिरते आणि डिझेल आपल्या वजनानं मागे उतरतं. तोंड खाली असलं की डिझेल पंपाकडेच राहतं. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढणारी असते, त्यामुळे भेगेतून डिझेल बाहेर गळेलच असं नाही, हवा आत जाते. जमिनीवर डिझेलचा डाग नाही म्हणून गळती नाही, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो.

नानांनी पुढची तपासणी इतकी साधी केली की ती कुणालाही करता येईल. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तसली पारदर्शक नळी हातभर आणायला सांगितली. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये ती क्लिपा लावून बसवली आणि इंजिन चालू ठेवलं. नळीतून बुडबुड्यांची माळ चाललेली दिसत होती. मग टाकीकडून येणारी नळी काढून टाकली आणि स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन बॉनेटच्या उंचीला ठेवून त्यातून थेट फिल्टरला लाइन दिली. बुडबुडे थांबले. याचा अर्थ फिल्टरपासून पुढे सगळं ठीक, दोष मागे. तो कॅन रात्रभर तसाच ठेवला, आणि सकाळी, तोंड चढाकडे असूनही, जीप पहिल्या सेल्फला उठली. फिल्टर आणि टाकी यांच्यामध्ये दोष असेल तर तो या एका रात्रीत सापडतो. खर्च शून्य.

दोष टाकीच्या बाजूच्या रबरी नळीत निघाला. क्लिपेच्या आत, वरच्या अंगाला, हाताला लागणार नाही अशी चीर. नवी नळी आणि दोन क्लिपा मिळून १८० रुपये. फिल्टरच्या बोल्टाचे तांब्याचे वायसरही चपटे झाले होते, ते बदलले.

त्याच दिवशी नानांनी हीटर काढून पाहिले. एक नवा होता. बाकी तीन जुने, बाहेरून घासून चकचकीत केलेले, आत काजळी तशीच. टेस्टिंग लॅम्पची वायर बॅटरीच्या प्लसला आणि टोक इंजिनात बसलेल्या, वायर सोडवलेल्या हीटरला लावल्यावर दिवा पेटायला हवा. एका हीटरवर पेटलाच नाही. नोझलच्या नटांना चंदेरी रंग मारलेला. रंगाखाली जुन्या पान्याचे ओरखडे.

पण खरा घाव पुढे होता.

नळी बदलल्यावर सकाळचा त्रास संपला आणि तीन-चार दिवसांनी उलटाच सुरू झाला. वाईला माल उतरवून, गरम इंजिन दहा मिनिटं बंद ठेवून परत चावी फिरवली तर उठेना. थंड झाल्यावर उठायची. चढाला ओढही कमी झाली होती. नानांनी पंपावर ओलं फडकं ठेवायला सांगितलं. पाच मिनिटं ठेवलं, सेल्फ मारला, उठली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हेड-रोटर झिजलेल्या पंपाचं हे लक्षण आहे. गरम झालं की डिझेल पातळ होतं आणि आतल्या आत निसटतं. तुझी जीप आधी गरम असताना त्रास द्यायची?"

कधीच नाही. आधी फक्त थंड, फक्त सकाळी. म्हणजे त्याच्याकडे नेली तेव्हा पंप चांगला होता.

वडिलांची एक वही आहे. २०१९मध्ये ते गेले, वही कपाटात होती. टायर कधी बदलले, बॅटरी कधी घेतली, इंजिन नंबर, चासी नंबर, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. २०११मध्ये त्यांनी पंपाचं काम करून घेतलं होतं. त्या पानावर पंपाच्या पट्टीवरचा नंबर आहे आणि खाली ओळ: "फ्लँजवर पंचने तीन ठिपके मारले." फ्लँज म्हणजे पंप इंजिनाला बोल्टनं बसतो ती कडा. मी टॉर्च घेऊन वाकून पाहिलं. नंबर वेगळा. ठिपके नाहीत. दुसऱ्या कुणाचा तरी संपलेला पंप धुऊन, रंगवून आमच्या जीपला बसवला होता, आणि आमचा चांगला पंप गेला होता.

वही घेऊन नाना आणि मी गॅरेजात गेलो. गॅरेजवाल्यानं आधी आवाज चढवला, मग वहीचं पान पाहून म्हणाला, कामाच्या गर्दीत पोरांकडून अदलाबदल झाली असेल. दहा हजार परत दिले. पंप कुठल्या गाडीला गेला ते आठवत नाही म्हणाला. बाकीच्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी माहिती मिळते. पक्कं बिल नसल्यानं माझी बाजू लंगडी आहे. मोबाइलवरून दिलेले पैसे, २२,००० मागणारे त्याचे मेसेज आणि वडिलांची वही, एवढंच माझ्याकडे आहे.

तुमची जीप गॅरेजात सोडायच्या आधी पंपाच्या पट्टीचा, नोझलचा आणि बॅटरीचा फोटो गॅरेजवाल्यासमोर काढा. त्याला राग आला तर येऊ द्या. पंप उतरवायचं कुणी म्हणालं तर आधी कॅनमधून डिझेल देऊन स्टार्ट दाखव म्हणा. उतरवावाच लागला तर पंपाच्या वर्कशॉपात स्वतः घेऊन जा आणि मशीनवर लावताना तिथे उभे राहा. नटाशी हात धरून डिझेल येतंय का बघू नका, मात्र. नोझलमधून सुटलेली धार कातडीच्या आत शिरते.

आणि एक विनंती. गेल्या डिसेंबरनंतर सातारा, वाई, कोरेगाव या भागात ज्यांनी जुन्या जीपला "रिपेअर केलेला" रोटरी पंप बसवून घेतला असेल त्यांनी फ्लँजवर बोट फिरवून बघावं. पंचने मारलेले तीन ठिपके एका ओळीत लागले तर तो आमचा. तुम्ही तो पैसे देऊन घेतलाय, मी तुम्हाला दोष देणार नाही. तुमचे पैसे देऊन परत घ्यायला तयार आहे.