राउटर उत्तम, खोक्यातला कागद मात्र बाजूला ठेवा

वरच्या खोलीत वायफायची रडारड होती म्हणून हा दुसरा राउटर घेतला. तीन महिने वापरतेय. रेंज छान आहे, गरम होत नाही, चारही पोर्ट गिगाबिटचे आहेत. तरी एक तारा कापलाय. पहिले दोन दिवस फुकट गेले, त्याचा.

माझं काम ध्वनिमुद्रणं संपादित करण्याचं. मूळ फाइली खालच्या कॉम्प्युटरवर, काम वरच्यावर. कागदावर लिहिल्याप्रमाणे खालच्या राउटरची केबल याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरून इंटरनेट घ्यायच्या खाचेत घातली. इंटरनेट लगेच आलं, मी खूश. मग नेटवर्कमध्ये बघते तर खालचा कॉम्प्युटर गायब!

केबल बदलली, दोन्ही मशिनं बंद-चालू केली. हेल्पलाइनवाल्यानेही तेच सांगितलं, फक्त जरा जास्त नम्रपणे. शेवटी दोन्हीकडे आयपी-कॉन्फिग मारलं, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी आज्ञा. खाली १९२.१६८.१.५, वर १९२.१६८.०.१०२. तिसरा आकडाच वेगळा, म्हणजे एका घरात दोन नेटवर्कं झालेली. गंमत म्हणजे वरून खाली पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, जात होतं आणि उत्तरही येत होतं. पत्ता टाइप केला तर खालचं फोल्डरही उघडत होतं, फक्त यादीत नाव दिसत नव्हतं, कारण नावाची हाळी राउटर ओलांडत नाही. खालून वर पिंग केलं तर मात्र नुसतं 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे उत्तरच नाही. नवा राउटर आतल्या सगळ्यांना आपल्या एकाच पत्त्यावर बाहेर पाठवतो, ते नॅट. बाहेरून कुणी स्वतःहून आलं, तर आत कुणाकडे पाठवायचं हे त्याला माहीतच नसतं. शिवाय खालच्या राउटरला ०.१०२ कुठे आहे याचा पत्ताच नाही. तो ते पॅकेट इंटरनेटच्या दिशेने ढकलून मोकळा.

उपाय मेनूत 'ऑपरेशन मोड'खाली लपलेला होता. राउटर मोडऐवजी ॲक्सेस पॉइंट निवडायचं. मग हा स्वतः पत्ते वाटत नाही, खालचाच राउटर सगळ्यांना वाटतो. पण इथेही एक धक्का. मोड बदलल्यावर सेटिंगचं जुनं पान उघडेना, वाटलं मेला! मेला नव्हता, त्यालाही खालच्या राउटरकडून नवा पत्ता मिळाला होता. तो खालच्या राउटरमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत सापडला. त्यातून विंडोजने हे नवीन नेटवर्क समजून वरच्या कॉम्प्युटरवर 'पब्लिक', म्हणजे परकं, करून ठेवलेलं. ते 'प्रायव्हेट' केल्यावर खालून वरचं फोल्डर उघडलं. वरचा कॉम्प्युटर केबलनेच जोडलाय, आता दहा जीबीची फाइल दीड मिनिटाच्या आसपास येते.

ॲक्सेस पॉइंट केल्यावर मुलांसाठीची वेळमर्यादा वगैरे सोयी मेनूत करड्या पडतात, म्हणजे वापरता येत नाहीत. मला त्यांची गरज नव्हती. तुम्ही या सोयींसाठीच घेत असाल तर विचार करा.

आणि कुणी भाडेकरूचं नेटवर्क वेगळं ठेवायला म्हणून हा राउटर मोडमध्ये त्याच्याकडे लावणार असेल, तर थांबा. वर सांगितलंच, आतला बाहेरच्याला गाठू शकतो. म्हणजे तुमचेच कॉम्प्युटर त्याला उघडे. त्यासाठी खालच्या राउटरचं गेस्ट नेटवर्क बरं.