तरुण संघाचे हंगामी तिकीट: लेक्सिंग्टनच्या रप अरीनातील 2013-14

लेक्सिंग्टनला नव्याने राहायला आलेल्या एका मराठी जोडप्याने नुकतेच विचारले की, केंटकी विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे हंगामी तिकीट घ्यावे का. आमच्याकडे असे तिकीट एकच वर्ष होते, 2013-14 चे, आणि तेही आमच्या नावावर नव्हते. कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे जिने चढता येत नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या दोन जागा छापील किमतीला आम्हाला दिल्या. त्या एका वर्षाच्या आधारावर हे परीक्षण लिहीत आहे. तिकिटाविषयी लिहायचे तर संघाविषयी लिहावेच लागते, कारण विकत घेतलेली वस्तू शेवटी तो संघच असतो.

केंटकी राज्यात एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, संघ नाही. त्यामुळे गावाचा सगळा जीव विद्यापीठाच्या संघात गुंतलेला असतो. भाजीच्या दुकानात, दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी नोव्हेंबर ते मार्च एकच विषय चालतो. हंगामी तिकीट येथे घराण्यात चालत आलेल्या वस्तूसारखे सांभाळले जाते. ते मिळवण्यासाठी तिकिटाच्या किमतीशिवाय विद्यापीठाच्या क्रीडानिधीला देणगी द्यावी लागते, आणि देणगी जितकी मोठी तितकी जागा खाली, मैदानाच्या जवळ. आमच्या जागा वरच्या भागात होत्या, जिथे त्या काळी पाठ नसलेले लांब बाक होते. 1976 मध्ये उघडलेल्या रप अरीना या सभागृहात तेव्हा तेवीस हजारांहून अधिक प्रेक्षक बसत. छतापासून आठ राष्ट्रीय विजेतेपदांचे झेंडे लोंबत, आणि आमच्या जागेवरून ते खेळाडूंपेक्षा जवळ दिसत. मात्र बास्केटबॉल समजून घ्यायचा असेल, तर उंचावरची जागा मला आजही अधिक पसंत आहे. कोण कुठे धावायला हवा होता आणि कुठे उभा राहिला, हे खालून कळत नाही, वरून मात्र लगेच दिसते.

आणि त्या वर्षी नेमके तेच पाहण्यासारखे होते. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी शालेय बास्केटबॉलमधून देशातील नावाजलेली मुले एकत्र आणली होती: ज्युलियस रँडल, अँड्र्यू आणि ॲरन हे हॅरिसन जुळे भाऊ, जेम्स यंग, डकारी जॉन्सन, मार्कस ली. त्यांच्यापेक्षा एक वर्षाने मोठे असलेले विली कॉली-स्टाइन आणि ॲलेक्स पॉयथ्रेस हेच जवळजवळ ‘अनुभवी’ म्हणायचे. हंगाम सुरू होण्यापूर्वी पत्रकारांच्या क्रमवारीत संघ पहिला होता, आणि गावात ‘40-0’ असे छापलेले टी-शर्ट विकले जात होते. संघ खरोखरच 40 सामने खेळला. त्यातले 29 जिंकला आणि 11 हरला.

तिकिटाचा विचार करताना या 11 पराभवांची विभागणी पाहणे आवश्यक आहे. घरच्या मैदानावर 18 सामने झाले, त्यांपैकी केवळ दोन गमावले. शिकागोमध्ये मिशिगन स्टेटकडून 78-74, टेक्सासमध्ये बेलरकडून, चॅपल हिलमध्ये नॉर्थ कॅरोलायनाकडून, फेएटव्हिलमध्ये आर्कन्सॉकडून जादा वेळेत 87-85, बॅटन रूजमध्ये एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून), साउथ कॅरोलायनात 72-67, गेन्सव्हिलमध्ये फ्लोरिडाकडून तब्बल 19 गुणांनी: हे सारे आम्ही घरी दूरचित्रवाणीवर पाहिले. म्हणजे हंगामी तिकीट ज्याच्याकडे होते, त्याने प्रत्यक्ष डोळ्यांनी बहुतांश विजयच पाहिले, आणि तरीही मार्चच्या सुरुवातीला तो माणूस गावातील इतर कोणाहीइतकाच चिंताक्रांत होता. बाहेर गेल्यावर जे दोष उघडे पडत, ते घरी विजयाखाली झाकलेले असले तरी आम्हाला दिसत होते. बचावात एकमेकांना हाक न मारणे, पास द्यायचा सोडून तीन जणांच्या गर्दीत घुसणे, चुकीनंतर खांदे पाडून परत येणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे फ्री थ्रो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळणारा विनाअडथळा फटका, चुकवणे.

माझे बास्केटबॉल मुंबईत नागपाड्याला, मस्तान वायएमसीएच्या कोर्टभोवती उभे राहून पाहण्यात सुरू झाले. तिथे पाच जण वर्षानुवर्षे एकत्र खेळलेले असत आणि मान न वळवता पास कुठे जाणार हे प्रेक्षकालाही ठाऊक असे. रप अरीनातल्या मुलांची उंची, उडी आणि वेग नागपाड्याने स्वप्नातही पाहिला नसेल, परंतु एकमेकांची सवय हा गुण त्यांच्याकडे नव्हता आणि तो पाच महिन्यांत निर्माण करायचा होता. एनबीएच्या निवडीसाठी किमान 19 वर्षे वय आणि शाळा संपून एक वर्ष झालेले असावे, या 2006 पासून लागू झालेल्या नियमामुळे असे खेळाडू एका वर्षासाठीच महाविद्यालयात येत. सवय जडेपर्यंत निघून जाण्याची वेळ येते, ही अशा संघाची मूळ अडचण आहे.

घरच्या सामन्यांपैकी 28 डिसेंबरचा सामना सर्वांनी ऐकलेला असतो. आदल्या वर्षी विजेता ठरलेला आणि राज्यातलाच प्रतिस्पर्धी असलेला लुईव्हिल आला होता. त्या दिवशी जवळच्या एका खाजगी वाहनतळाने नेहमीच्या दुप्पट शुल्क घेतले, हे नव्या लोकांनी ध्यानात ठेवावे आणि चालत येण्याइतक्या अंतरावर गाडी लावावी. पूर्वार्धात रँडलने एकट्याने 17 गुण केले. उत्तरार्धात पायात गोळे आल्यामुळे तो बहुतेक वेळ बाहेर बसला, आणि तरीही संघ 73-66 असा जिंकला, कारण यंग आणि अँड्र्यू हॅरिसन यांनी जबाबदारी उचलली. तो आनंद मोठा होता. तथापि मला त्याहून अधिक आठवतो तो 22 फेब्रुवारीचा एलएसयूचा सामना.

तेव्हा माझी आई गिरगावातून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. पत्नीने आपली जागा तिला दिली. आईला खेळाचे नियम माहीत नव्हते. तीन गुणांची रेषा, 35 सेकंदांचे घड्याळ, वैयक्तिक चुकांची गणना हे मी पूर्वार्धात समजावून सांगत होतो, आणि ती मात्र मुलांचे चेहरे पाहत होती. मध्यंतरात तिने विचारले, “अरे, ही मुले बारावी होऊन नुकतीच आलेली आहेत का? आणि यांच्यावर ओरडणारी ही सगळी माणसे चाळिशीची?” या प्रश्नाने मी त्या वर्षभर काय पाहत होतो ते मला नीट कळले. सामना जादा वेळेत गेला. शेवटच्या काही सेकंदांत चेंडू बास्केटजवळच्या झटापटीत रँडलच्या हाती आला आणि त्याने तो आत टाकला: 77-76. आई उभी राहिली होती. आमच्या मागच्या रांगेतील एका अनोळखी आजींनी तिचे दोन्ही हात हातात घेतले, आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नसल्याचा काहीही अडथळा झाला नाही.

पाचच दिवसांनी, गुरुवारी रात्री, त्याच मैदानावर आर्कन्सॉने केंटकीला जादा वेळेत 71-67 असे हरवले. पुढच्या शनिवारी साउथ कॅरोलायनात प्रशिक्षकांना मैदानाबाहेर काढण्यात आले आणि सामनाही गेला. 4 मार्चला अलाबामाविरुद्धचा घरचा अखेरचा सामना आम्ही 55-48 असा जिंकताना पाहिला. टाळ्या वाजत होत्या, पण बाहेर पडताना जिन्यावर कोणी फारसे बोलत नव्हते. फ्लोरिडाकडून झालेल्या मोठ्या पराभवानंतर संघ पहिल्या 25 मधूनही बाहेर गेला.

तिकिटाची मर्यादा येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. जे सर्वांत थरारक होते, ते या तिकिटात नव्हते. विभागीय (म्हणजे दक्षिणेकडील विद्यापीठांच्या) आणि राष्ट्रीय स्पर्धेची तिकिटे स्वतंत्र असतात आणि सामने दूरच्या शहरांत होतात. विभागीय स्पर्धेपूर्वी कॅलिपारी यांनी आपण एक छोटासा बदल केल्याचे सांगितले, परंतु तो कोणता हे त्या वेळी सांगितले नाही. पडद्यावर दिसत होते ते असे की, अँड्र्यू हॅरिसन आता स्वतः मारण्याआधी इतरांना शोधत होता. त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत फ्लोरिडाकडून 61-60 असा पराभव झाला, पण तो तीन आठवड्यांपूर्वीचा संघ नव्हता. राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात आठवे मानांकन मिळाले. सेंट लुईमध्ये कॅन्सस स्टेट, मग तोवर एकही सामना न हरलेले विचिटा स्टेट 78-76, इंडियानापोलिसमध्ये पुन्हा लुईव्हिल, नंतर मिशिगन 75-72, आणि अरलिंग्टनच्या अवाढव्य स्टेडियममध्ये विस्कॉन्सिन 74-73: या साऱ्यांना संघाने हरवले. लुईव्हिल, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तिन्ही सामन्यांच्या शेवटी ॲरन हॅरिसनने डावीकडून तीन गुणांचा निर्णायक फटका मारला. अंतिम सामन्यात, 7 एप्रिलच्या रात्री, कनेटिकटने त्यांना 60-54 असे हरवले. कनेटिकटने 10 पैकी 10 फ्री थ्रो टाकले, केंटकीने 24 पैकी 13.

हे आकडे वाचताना मला दुःख झाले, पण आश्चर्य वाटले नाही, आणि हेच या तिकिटाच्या बाजूचे माझे सर्वांत मोठे म्हणणे आहे. ज्याने केवळ मार्च महिना पाहिला, त्याला तो संघ अचानक उजळला आणि अचानक विझला असे वाटणे स्वाभाविक होते. ज्याने नोव्हेंबरपासून बाकावर बसून पाहिले, त्याला ॲरनच्या त्या फटक्यांआधीचे कित्येक हुकलेले फटके ठाऊक होते, मिशिगनविरुद्ध मार्कस लीने बास्केटवर उडी मारून हाताने ढकललेल्या चेंडूंमागे बाकावर बसून काढलेले चार महिने ठाऊक होते, आणि फ्री थ्रोच्या रेषेवर त्यांचे हात किती वेळा अडखळले तेही ठाऊक होते. तरुण संघाचा चढउतार हा त्याच्या गुणवत्तेतील दोष आहे असे मी मानत नाही. शिकणे असेच दिसते, आणि ते पाहण्याची मुभा या तिकिटाने दिली.

आता परिस्थिती बरीच बदलली आहे, म्हणून नव्या ग्राहकाने आमच्या अनुभवावर आंधळा विश्वास ठेवू नये. सभागृहाचे नूतनीकरण झाले असून वरच्या भागात पाठ असलेल्या खुर्च्या आल्या आहेत. त्यामुळे एकूण आसने कमी झाली, पण ज्येष्ठ पाहुण्यांना घेऊन जाणे पुष्कळ सोयीचे झाले आहे. कॅलिपारी 2024 मध्ये आर्कन्सॉला गेले, आणि 1996 च्या विजेत्या संघात खेळलेले मार्क पोप प्रशिक्षक झाले. खेळाडूंना आता विद्यापीठ बदलणे सोपे झाले आहे आणि नावाच्या वापरासाठी पैसेही मिळतात, त्यामुळे शाळेतून आलेल्या मुलांऐवजी दुसरीकडे तीन-चार वर्षे खेळलेले बावीस-तेवीस वर्षांचे खेळाडू घेण्याकडे प्रशिक्षकांचा कल वाढला आहे. असे संघ कदाचित अधिक स्थिर खेळतील. परंतु सुरुवातीचे पाचही खेळाडू पहिल्या वर्षाचे असलेला संघ अंतिम सामन्यापर्यंत वाढताना पाहायला मिळेलच, असे यापुढे कोणी सांगू शकणार नाही.

तरीही माझे उत्तर ‘घ्या’ असेच आहे. देणगीचा भार एकट्याला पेलत नसेल, तर दोन कुटुंबांनी मिळून सामने वाटून घ्यावेत. येथे पुष्कळ जण तसे करतात. मात्र वाटणी करताना एक चूक टाळावी. नोव्हेंबरमधील लहान विद्यापीठांविरुद्धचे सामने निरर्थक समजून आम्ही त्यांतील दोन तिकिटे परिचितांना देऊन टाकली होती. त्यांतला एक सामना 25 नोव्हेंबरचा, क्लीव्हलँड स्टेटविरुद्धचा होता. सोमवारची रात्र होती, आणि उत्तरार्धात बराच वेळ मागे असलेली ही मुले कशीबशी 68-61 अशी जिंकली. त्या रात्री पहिल्यांदा घरच्या मैदानावर त्यांना भीती वाटली असणार, आणि ती कशी वाटली व कशी गेली हे पाहायला आम्ही तिथे नव्हतो.